रक्त थांबलं, आजार थांबला नाही: हिरड्यांच्या ऑनलाइन माहितीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या ५२ वर्षांच्या बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या दातांच्या दवाखान्यात आम्ही त्यांना काकू म्हणायचो, इथेही तेच म्हणते.

काकू घरातून पोळी-भाजीचे डबे देतात. पहाटे ४ ला कणीक मळायला घेतली की दुपारी २ पर्यंत त्यांना उसंत नसते. मधुमेह ९ वर्षांपासून आहे, गोळ्या चालू आहेत. मूळ गाव साताऱ्याकडचं. मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावायची सवय आई-आजीपासून चालत आलेली. घरात नवरा, नोकरी करणारी मुलगी आणि कॉलेजात जाणारा मुलगा.

दिवाळीनंतर त्यांना तीन गोष्टी जाणवायला लागल्या: दात घासताना रक्त येणं, तोंडाला वास, आणि खालचा पुढचा एक दात जिभेने ढकलला की किंचित हलणं. त्या जवळच्या एका दंतवैद्यांकडे गेल्या. त्यांनी तोंड बघून सांगितलं, "किटण खूप साठलंय. क्लिनिंग करून घ्या, तीन-चार वेळा यावं लागेल." खर्चाचा आकडा सांगितला. हिरडीची मापं घेतली नाहीत, एक्स-रे काढला नाही, लिहून काही दिलं नाही. काकू घरी आल्या त्या दोन शंका घेऊन. एक, क्लिनिंग केलं की दात सैल होतात असं शेजारणी म्हणतात ते खरं का? दुसरी, हे खरंच गरजेचं आहे की नुसतं दात चकचकीत करायचं काम आहे?

या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायला मुलीने त्या रात्री फोन उघडला. तिथून पुढे आठ महिने काकू कुठल्याच दंतवैद्याकडे गेल्या नाहीत.

अडचण काय होती

आमच्याकडे त्या आल्या त्या भर पावसाळ्यात, उजवा गाल सुजलेला, अंगात ताप, उजव्या बाजूने घास चावता येत नव्हता. खालच्या दाढेच्या हिरडीतून दाबल्यावर पू येत होता. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ८.६ होती.

पहिल्याच भेटीत काकू म्हणाल्या, "पण डॉक्टर, रक्त यायचं तर कधीच बंद झालं होतं. मी तर बरी झाले होते."

हे त्या मनापासून सांगत होत्या, आणि रक्त खरंच बंद झालं होतं. आठ महिन्यांत त्यांनी आळस केला नव्हता. दिवसातून दोनदा नीट ब्रश, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, सकाळी तिळाच्या तेलाच्या गुळण्या, सगळं नेमाने. वाचलेलं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. अशा बाईला "इंटरनेटवरचं कशाला ऐकता" एवढंच सांगून घरी पाठवणं मला पटेना. नक्की काय वाचलं आणि त्यातलं काय चुकलं, हे बघणं भाग होतं.

फोनमध्ये काय होतं

मुलगी व्यवस्थित. तिने सगळं एका फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं: तीन लेख, दोन व्हिडिओ आणि नातेवाइकांच्या ग्रुपवरून आलेला एक मजकूर. आम्ही तिघींनी ते एकत्र वाचलं.

ग्रुपवरचा मजकूर सगळ्यात वाईट होता. सात दिवसांत हलणारे दात दगडासारखे घट्ट, असा दावा. पण त्यावर काकूंचाही विश्वास बसला नव्हता. "असं कुठे असतं का," म्हणून त्यांनीच तो बाजूला टाकला होता. पहिल्या व्हिडिओत एक गृहस्थ मीठ, हळद आणि मोहरीचं तेल हिरडीवर बोटाने चोळायला सांगत होते. काकूंनी आठवडाभर केलं, हिरडी सोलवटली, सोडून दिलं. दुसऱ्या व्हिडिओत शेवटी दंतमंजन विकायला होतं.

नुकसान केलं ते तीन लेखांतल्या सगळ्यात चांगल्या लेखाने. नेटकं मराठी, खाली दंतवैद्याचं नाव आणि पदवी, तारीख, संदर्भ, कुठलीही जाहिरात नाही. त्यातली वाक्यं मी एकेक करून तपासली. दातांवर साठणाऱ्या जंतूंच्या थराने हिरडी सुजते: खरं. ब्रश नीट सुरू केला की आठवडा-दोन आठवड्यांत रक्त थांबतं: हेही खरं. त्यामागे १९६५ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे. डेन्मार्कमध्ये हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात पूर्ववत झाल्या. तेलाच्या गुळण्यांनी थर थोडा कमी होतो, असंही लेखात होतं. छोट्या अभ्यासांत तसं दिसलेलं आहे.

म्हणजे लेखात खोटं काही नव्हतं. पण तो सगळा मजकूर हिरडीच्या वरवरच्या सुजेबद्दल होता, जिला आम्ही जिंजिव्हायटिस म्हणतो आणि जी पूर्ण बरी होते. काकूंना झाला होता त्याच्या पुढचा आजार, पेरिओडॉन्टायटिस, ज्याला लोक पायरिया म्हणतात. यात सूज खाली उतरते, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजतं, हिरडी आणि दात यांच्यात खोल फट तयार होते. झिजलेलं हाड ब्रशने परत येत नाही. लेखाचं शीर्षक होतं पायरियाबद्दल, मजकूर जिंजिव्हायटिसचा, आणि वाचणारीला या दोन्हींत फरक आहे हे सांगणारी एक ओळ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, "गंभीर अवस्थेत डॉक्टरांना भेटा" एवढीच. गंभीर म्हणजे काय, ते कुठे नाही. काकूंना दुखत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःला गंभीरात धरलं नाही. हा आजार बहुतेक वेळा दुखत नाहीच. दात हलणं आणि मधुमेह असणं या धोक्याच्या दोन्ही खुणा त्यांच्याकडे होत्या, आणि या दोन्हींचा उल्लेख त्या लेखात नव्हता.

पुढे जे झालं ते अशा रुग्णांत आम्ही बघतो. नीट ब्रश केल्याने वरची हिरडी आवळली, रक्त थांबलं. पण ब्रशचे केस हिरडीखाली जेमतेम मिलिमीटरभर जातात. ६-७ मिमी खोल फटीतलं किटण आणि जंतू होते तिथेच राहिले. फटीचं वरचं तोंड आवळल्यामुळे पू बाहेर यायची वाट अरुंद झाली आणि साखर वाढलेल्या शरीरात तिथे गळू झालं.

शोधायची पद्धतही इथे महत्त्वाची ठरली. मुलीने टाइप केलं होतं, "हिरड्यांतून रक्त येणे उपाय". "उपाय" म्हटलं की समोर घरगुती उपायच येणार. तिच्यासमोर मी "मधुमेह दात हलणे हिरडी" असं टाकून दाखवलं. वेगळीच पानं आली, त्यातली दोन बरीच उपयोगी होती. मुलगी गप्प झाली, मग म्हणाली, "आईला मधुमेह आहे हे मी टाकलंच नाही." तिने का टाकावं? मधुमेहाचा हिरड्यांशी संबंध आहे हे तिला तोवर कोणी सांगितलेलंच नव्हतं.

कोणते पर्याय होते

आजाराचे पर्याय आणि माहितीचे पर्याय, दोन्ही एकदम समोर होते. गळवाच्या बाबतीत फार विचार करायचा नव्हता: पू काढणं तातडीचं. त्या दाढेचं काय करायचं हा मात्र खरा प्रश्न होता. मुळांच्या फाट्यामधलं हाड आरपार गेलेलं होतं. शस्त्रक्रिया करून काही वर्षं टिकवायचा प्रयत्न करता आला असता, नाहीतर काढायची. काकूंनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं होतं की लेझरने कुठलाही दात वाचतो, त्यामुळे काढायचं नाव काढताच त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला.

माहितीच्या बाबतीत चार वाटा दिसत होत्या.

पहिली, जुनं सगळं विसरा आणि मी सांगते तसं करा. वेळ वाचतो. पण काकू आधीच्या दवाखान्यातून असंच ऐकून बाहेर पडल्या होत्या.

दुसरी, परदेशी तज्ज्ञ संघटनांची रुग्णांसाठीची पत्रकं द्यायची. मजकूर चांगला असतो, पण इंग्रजी. त्यांत सिगारेट असते, मिश्री नसते.

तिसरी वाट माझ्या एका तरुण सहकाऱ्याने सुचवली: दर्जा मोजायची ठरलेली साधनं वापरून लेखांना गुण द्यायचे आणि चांगल्या पानांची यादी रुग्णांना द्यायची. अशी साधनं आहेत. ऑक्सफर्डमध्ये तयार होऊन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं डिसर्न त्यांतलं सगळ्यात वापरातलं, १६ प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ गुण. १९९७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेले चार निकष आहेत: लेखक कोण, संदर्भ काय, हितसंबंध उघड केलेत का, तारीख आहे का. जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट संस्थेचं विश्वासार्हतेचं चिन्हही पूर्वी पानांवर असायचं. ती संस्था २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा आज एखाद्या पानावर ते चिन्ह दिसलं तरी त्यामागे बघणारं कोणी नाही.

आम्ही काकूंच्या "चांगल्या" लेखाला ही साधनं लावून बघितली. जामाचे जवळजवळ सगळे निकष तो पार करत होता, डिसर्नमध्येही त्या सहा गोष्टींत तोच वर आला. ते साहजिक आहे. डिसर्न हे बघतं की उद्देश स्पष्ट आहे का, स्रोत दिलेत का, उपचारांचे फायदे-तोटे सांगितलेत का. विधान शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे की नाही हे ते तपासत नाही, आणि ते या रुग्णाला लागू आहे का हे तर कुठलंच साधन तपासू शकत नाही. वाचायला सोपं किती हे मोजणारी फ्लेशसारखी सूत्रं इंग्रजीच्या शब्दांवर आणि वाक्यांवर बेतलेली आहेत. मराठी मजकुरावर ती लावण्यात अर्थ नाही. ही साधनं संशोधनासाठी कामाची आहेत, शंका नाही. पण लालबागच्या काकूंना गुणतक्ता देऊन काय होणार?

चौथी वाट: काकूंची स्वतःची मापं आधी त्यांच्या हातात द्यायची, आणि मग त्या मापांसह जुनी माहिती पुन्हा वाचायला लावायची. वेळ लागतो, गर्दीच्या दिवशी जमत नाही. आम्ही ही निवडली.

काय केलं

पहिल्या दिवशी पू काढला, ताप असल्यामुळे प्रतिजैविक दिलं आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. बाकी बोलणं तेव्हा केलं नाही. दुखत असताना माणसाला फक्त दुखणं ऐकू येतं.

सूज उतरल्यावर त्यांना दुपारी ३ ला बोलावलं, डबे संपल्यानंतर. काकूंच्या हातात आरसा दिला आणि मुलीला वही-पेन. हिरडी मोजायची सळई म्हणजे प्रोब, टोकाला मिलिमीटरच्या खुणा असतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी ती हळूच हिरडीखाली सरकवायची. १ ते ३ मिमी ठीक, ४ च्या पुढे काळजी. हे आधी सांगितलं आणि मग एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेले. वरच्या पुढच्या दातांना दोन, तीन, दोन. मुलगी लिहीत होती. दाढांकडे आल्यावर पाच, सहा, सहा, सात. सातला काकूंनी स्वतःच आरसा जवळ घेतला. सळईचा केवढा भाग आत गेलाय ते त्यांना दिसत होतं, आणि बाहेर काढल्यावर फटीतून रक्त आलं. वरून थांबलेलं रक्त आतून येत होतं.

मग ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, खिडकीकडे धरून हाडाची रेघ दाखवली. निदान २०१७ च्या जागतिक वर्गीकरणाप्रमाणे स्टेज ३, ग्रेड सी. स्टेज म्हणजे आतापर्यंत नुकसान किती झालंय ते; ग्रेड हा आजार किती वेगाने वाढतोय त्याचा अंदाज असतो, आणि मधुमेहात एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर तो सी कडे जातो. साखरेचा आकडा हिरडीच्या निदानात येतो हे ऐकून काकूंना आश्चर्य वाटलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण ९ वर्षं त्या दर महिन्याला गोळ्या आणायला जात होत्या.

यानंतर मुलीने तो जुना लेख उघडला आणि मोठ्याने वाचला. प्रत्येक वाक्यानंतर मी एकच विचारत होते, "हे तुमच्या कुठल्या दातांसाठी खरं आहे?" दोन-तीन वाले दात आणि सहा-सात वाले दात असे वेगळे करून काकूंनी उत्तरं दिली. ब्रशने बरं होतं: वरच्या पुढच्यांसाठी खरं. तेलाच्या गुळण्या: चालतील, पण सातच्या फटीत पोचणार नाहीत. दात सैल होण्याच्या भीतीचंही इथेच निघालं. किटणाचे थर दातांना बाहेरून जखडून बसलेले असतात आणि हिरडी सुजून वर आलेली असते. ते काढल्यावर सूज उतरते, फटी दिसतात, काही दिवस दात शिवशिवतात आणि सैलसर वाटतात. आधार आधीच गेलेला असतो, किटणाने तो झाकून ठेवलेला असतो.

उपचार ठरलेल्या क्रमाने केले: भूल देऊन एकेका भागाची खोल सफाई, खालचा हलणारा दात शेजाऱ्यांना बारीक तारेने बांधणं, दातांच्या फटींसाठी छोटे ब्रश. खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय हे पर्याय पहिल्याच कागदावर लिहून दिले. काकूंनी आमच्याकडेच करायचं ठरवलं, कारण रांगेत सकाळ गेली तर डबे बुडतात. दाढेबद्दल त्यांना तीन आठवडे दिले. शेवटी त्यांनी काढायचं ठरवलं. "लग्नसराईच्या ऑर्डरी आल्यावर पुन्हा गाल सुजला तर मला परवडणार नाही," हे त्यांचं कारण. माझ्या मते ते कुठल्याही शास्त्रीय कारणाइतकंच वजनदार होतं.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं. बहुतेक सहा-सात ४ वर आले होते, दोन ठिकाणी ५ राहिले. पुढचा दात टिकला, दाढ गेली. एचबीए१सी ७.९ वर आलं. हिरड्यांच्या उपचाराने मधुमेहींची ही सरासरी तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४ ने उतरते, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. पण काकूंच्या डॉक्टरांनी त्याच काळात गोळ्याही बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय हिरड्यांना देता येणार नाही.

मिश्री सुटलेली नाही. दिवसातून तीनदाची एकदा झाली आहे. त्या तंबाखूचा हिरडीला आणि तोंडाच्या कर्करोगाला असलेला संबंध काकूंना नीट कळला आहे, पण पहाटे मिश्रीशिवाय त्यांना दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. हे काम बाकी आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या दंतवैद्यांनी सहा दातांची मापं जरी कागदावर लिहून दिली असती, तरी मुलीने "रक्त येणे उपाय" शोधलं नसतं. "सात मिमी" शोधलं असतं. चार मिनिटांचं काम आहे. रुग्ण घरी गेल्यावर शोधणारच, हे धरून चालायला हवं.

लेख लिहिणाऱ्या दंतवैद्यांना मी एवढंच सांगेन: हा मजकूर कोणासाठी नाही, ते सगळ्यात वर लिहा. दात हलत असेल, हिरडी दाताच्या मुळाकडे सरकली असेल, पू येत असेल, मधुमेह असेल, तंबाखू किंवा मिश्री असेल, तर घरगुती उपायांच्या आधी मोजमाप. हे शेवटून दुसऱ्या परिच्छेदात लिहून उपयोग नाही.

आम्ही स्वतः एक पानाचा मराठी मजकूर केला, आणि त्याचाच दोन मिनिटांचा आवाजी संदेश, कारण कणकेच्या हातांनी फोन वाचता येत नाही. बाहेर बसलेल्या रुग्णांना तो वाचायला देऊन "काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा" असं विचारलं. एक गृहस्थ म्हणाले, "रक्त येत नसेल तर यायची गरज नाही." मजकुरात तसं लिहिलेलं नव्हतं, पण "रक्त येतंय?" हा प्रश्न सगळ्यात वर होता, म्हणून त्यांनी तसं घेतलं. तो प्रश्न खाली नेला आणि वर लिहिलं, "रक्त थांबलं तरी एकदा मोजून घ्या." त्यानंतर विचारलेल्यांपैकी कोणी तसं म्हणालं नाही. पानावर तारीख आहे, कोणी लिहिलं ते आहे, आणि दर वर्षी पुन्हा तपासायचं ठरलं आहे.

हे पान दंतवैद्यांच्या दवाखान्यात ठेवून अर्धंच काम होतं. काकू आठ महिने आमच्यापैकी कोणाकडेच फिरकल्या नव्हत्या, पण मधुमेहाच्या गोळ्यांसाठी एकही महिना चुकला नव्हता. पान तिथे, साखर तपासायच्या टेबलावर हवं. परळ-लालबाग भागातल्या दोन डॉक्टरांनी ते ठेवायला सुरुवात केली आहे, आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही पहिल्याच भेटीत मापांचा तक्ता हातात देतो.